वॉर्ड नंबर चारची ओव्हर

वॉर्डात ड्यूटी बदलते तेव्हा जाणारी सिस्टर येणारीला ओव्हर देते. खाटेशेजारी उभं राहून, एकेक पेशंट दाखवत. यांचं सलाईन अकराला संपेल, यांची लघवी सकाळपासून कमी आहे, यांच्या घरचं अजून कुणी आलेलं नाही. दिवसाच्या तीन ड्यूट्या, म्हणून तीन ओव्हर. पेशंट आठ-पंधरा दिवसांत घरी जातो आणि त्याचं नाव ओव्हरमधून गळतं.

मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात एक नाव गळलं नाही. अरुणा शानभाग, तिथलीच एक परिचारिका. हल्ल्यानंतर २८ नोव्हेंबर १९७३ च्या सकाळी ती बेशुद्ध सापडली आणि १८ मे २०१५ च्या सकाळी गेली. मी कॅलेंडर घेऊन मोजलं, १५,१०० च्या वर दिवस भरतात. तीन ड्यूट्यांच्या हिशेबानं ४५,००० हून जास्त वेळा एका सिस्टरनं तिला दुसरीच्या हाती सोपवलं. सुरुवातीला सोपवणाऱ्या तिच्या बरोबरीच्या होत्या. शेवटी सोपवणाऱ्या काही जणी ती घटना घडली तेव्हा जन्मलेल्याही नव्हत्या.

सरकारी रुग्णालयात मी बरीच वर्षं सिस्टर इनचार्ज होते. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. हल्लीच्या प्रशिक्षणांत ‘करुणामय नेतृत्व’ हा शब्द फार ऐकू येतो आणि तो ऐकून मुली वहीत व्याख्या उतरवून घेतात. मी त्यांना व्याख्या देत नाही, हे प्रकरण देते. इच्छामरणाचा खटला म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. मला ते एका वॉर्डाचं प्रकरण म्हणून मांडायचं आहे. माणसं बदलली, मेट्रन बदलल्या, डीन बदलले, तरी एका खाटेची काळजी ४१ वर्षं उतरली नाही, ती कशामुळे? आणि त्या काळजीला काय दिसलं नाही, हेही.

तळघर

अरुणा रामचंद्र शानभाग मूळची उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या हळदीपूरची. जन्म १ जून १९४८. मुंबईत येऊन केईएममध्ये परिचारिका झाली. लग्न ठरलं होतं, मुलगा त्याच रुग्णालयातला डॉक्टर होता. ज्या विभागात शस्त्रक्रियेच्या प्रयोगांसाठी कुत्रे ठेवले जात, तिथे तिची नेमणूक होती. तिथल्या एका सफाई कामगाराशी तिचे कामावरून खटके उडत होते.

हा तपशील लोक घाईनं ओलांडतात, मी वर्गात त्यावर थांबते. पंचविशीतली मुलगी. कामचुकारपणा दिसला की बोलायचं, हे तिला तिच्या शिक्षणानं शिकवलेलं. ती बोलली. वॉर्डात वयानं मोठ्या, जुन्या माणसाला काम सांगणं किती अवघड असतं ते प्रत्येक नवीन स्टाफ नर्सला ठाऊक आहे. तिच्या शब्दामागे कुणीतरी उभं असावं लागतं. रोज त्या माणसाशी गाठ पडणार, त्याच जिन्यावरून जायचं, त्याच तळघरात कपडे बदलायचे. तिच्यामागे त्या दिवशी कोण उभं होतं, हा प्रश्न नेतृत्वाचाच आहे.

२७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्यूटी संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. त्या माणसानं कुत्र्याची साखळी तिच्या गळ्याला आवळली आणि तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठच्या सुमारास सफाईला आलेल्या एका व्यक्तीला ती रक्तात पडलेली दिसली, बेशुद्ध. मेंदूला प्राणवायू मिळाला नव्हता, मानेच्या मज्जारज्जूलाही इजा होती. डोळे शाबूत होते, पण पाहणं मेंदूतच विझलं होतं.

आरोपीला शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरीसाठी, सात वर्षं. लैंगिक अत्याचाराचा गुन्हा नोंदलाच गेला नाही. मुलीची बदनामी होईल, ठरलेलं लग्न आहे, हा विचार त्यामागे होता असं पुढे सांगितलं गेलं. त्या वेळी कुणाला तेच दयाळूपणाचं वाटलं असेल. पण तिला विचारण्याची सोय उरलेली नसताना तिच्यावर झालेला अन्याय कागदावरून पुसणं, याला मी काळजी म्हणू शकत नाही.

मुंबईतल्या परिचारिका संपावर गेल्या. अरुणाला नीट उपचार मिळावेत आणि आम्हाला सुरक्षित काम करता यावं, अशा दोन मागण्या एकत्र होत्या. या प्रकरणातली पहिली सामूहिक कृती ती. पहिल्या मागणीची निगा पुढची चार दशकं अरुणाला ठेवलं होतं त्या वॉर्ड नंबर चारनं राखली. दुसरीचं काय झालं त्याकडे शेवटी येते.

‘ती आपल्यातली’

नवी बॅच आली की केईएममध्ये तिला अरुणाकडे नेत. ही आपल्यातली होती आणि आजही आपल्यातलीच आहे, असं सांगत. हे सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या कागदपत्रांत आहे, तेव्हाचे डीन डॉ. संजय ओक यांनी ते मांडलं होतं. या प्रकरणातलं नेतृत्व मला सापडतं ते या एका प्रथेत.

बघा, किती साधी गोष्ट आहे. परिपत्रक नाही, फलक नाही. एक वरिष्ठ सिस्टर चार-सहा मुलींना बाजूच्या खोलीच्या दारात नेते आणि पेशंटची ओळख करून देते. निदान मागाहून, आधी नातं. त्यानंतर त्या मुलीला स्पंज करायला सांगितलं की ती ‘बेड नंबर अमुक’चा स्पंज करत नाही. ती आपल्यातल्या एका सिस्टरचं अंग पुसते.

नात्याशिवाय काय होतं ते मी माझ्या वॉर्डात पाहिलंय. अपघातातला एक माणूस आमच्याकडे आला होता. केस पेपरवर ‘अनोळखी पुरुष, अंदाजे वय ६०’. शुद्ध नव्हती, नातेवाईक नव्हते. पंधरा दिवसांत त्याच्या माकडहाडावर जखम दिसली. मी इनचार्ज. स्टाफला रागावले, पोझिशन बदलल्याच्या सह्या घ्यायला लागले. सह्या पडत होत्या आणि जखम वाढत होती. मग आमच्या एका मावशींनी त्याला ‘आबा’ म्हणायला सुरुवात केली, त्यांच्या वडिलांसारखा दिसतो म्हणून. दोन दिवसांत ओव्हरमध्ये ‘तो अननोन’ जाऊन ‘आबा’ आले. ‘आबांना डाव्या कुशीवर ठेवलंय, चारला फिरवा.’ सह्यांचा कागद मी काढून टाकला. जखम भरायला दोन महिने लागले. जे काम मला करायला हवं होतं ते मावशींनी केलं, आणि ते काम आहे हेच मला माहीत नव्हतं.

केईएमच्या सिस्टरना ते माहीत होतं.

पण नुसत्या नात्यानं कातडी शाबूत राहत नाही. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही त्याच्या माकडहाडावर, टाचांवर, खुब्यांवर शरीराचं वजन दाबून राहतं. तिथला रक्तपुरवठा काही तासांत तुटू लागतो. आधी लाली, मग साल जाते, मग हाडापर्यंत खड्डा. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला एक चुणी राहू द्यायची नाही. कपडे ओले झाले की लगेच बदलायचे, कारण ओली कातडी लवकर फाटते. पाठ पुसून कोरडी करायची. जेवण भरवताना डोकं वर उचलून धरायचं, नाहीतर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. तोंड साफ करायचं. नखं कापायची, कारण मुठी आवळलेल्या असतात आणि नखं तळव्यात रुततात. पाळीच्या दिवसांत स्वच्छता. हात-पाय हलवून सांधे जमेल तेवढे मोकळे ठेवायचे.

दोन तासांच्या नियमानं दिवसाला बारा वेळा. त्या १५,१०० दिवसांना लावलं तर १,८०,००० वेळा कूस बदलणं. हा माझा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात कधी कमी, कधी जास्त झालं असेल. पण निकालात न्यायालयानं जे नोंदवलं ते हिशेबाचं नाही. इतक्या वर्षांत अरुणाला एकही बेडसोअर झालेला नव्हता. खाटेवर खिळलेल्या पेशंटला सहा महिने जखमेविना ठेवून दाखवलेल्या कुणालाही विचारा, या वाक्याचं वजन किती आहे.

हे एका मायाळू सिस्टरच्या आवाक्यातलं नाही. मायाळू सिस्टर आठवड्याला सहा दिवस आठ-आठ तास असते, रजेवर जाते, बाळंत होते, बदली होते, निवृत्त होते. उरलेल्या वेळात तिची माया खाटेपाशी नसते. इनचार्जचं काम तिथे सुरू होतं. ड्यूटी लावताना त्या खोलीत नवीन मुलीबरोबर जुनी जाणती कोण राहील हे बघणं. कमी स्टाफच्या रात्रीसुद्धा कूस बदलायला दोन माणसं मिळतील हे बघणं. सगळ्यांची पाळी येईल असं बघणं, नाहीतर एकीवरच भार पडतो आणि तीच एक दिवस तुटते. माझ्या अनुभवात दयाळू सिस्टर प्रत्येक वॉर्डात असतात. त्यांची दया रोस्टरमध्ये बसवणारी इनचार्ज क्वचित असते.

डीनची नावं कागदपत्रांत क्रमानं आली आहेत, १९७३ मधल्या डॉ. देशपांड्यांपासून डॉ. ओकांपर्यंत. वॉर्ड चारच्या सिस्टर इनचार्जची तशी माळ कुणाच्या तोंडी नाही. त्यांनी लावलेल्या ड्यूटीचे तक्तेही कधीच रद्दीत गेले असतील. याचं मला वाईट वाटतं.

काही तपशील मात्र उरले, कारण खटल्यात ते विचारले गेले. तिला मासे आवडत. आवडीचं खाणं तोंडात गेलं की ती हसायची, असं सिस्टर सांगत. खोलीत गर्दी झाली की अस्वस्थ होऊन आवाज करायची, माणसं कमी झाली की शांत व्हायची. पातळ, कुस्करलेलं अन्न ती तोंडानं घेत होती. २०१० च्या सप्टेंबरमध्ये मलेरिया झाला, खाणं कमी झालं, मग नाकातून नळी घालावी लागली. दर १ जूनला तिचा वाढदिवस साजरा व्हायचा. एका पेशंटला कुठला मासा आवडतो हे तीन पिढ्यांच्या सिस्टरना माहीत असणं, हे ओव्हरमधूनच शक्य आहे.

खाट

आता अडचणीची बाजू. केईएम हे मुंबई महापालिकेचं रुग्णालय, १९२६ पासूनचं, खाटा १,८०० च्या आसपास. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि बाहेरूनही गोरगरीब तिथे येतात. अशा रुग्णालयांत दोन खाटांच्या मध्ये जमिनीवर गादी टाकून पेशंट झोपवावे लागतात. जी पेशंट बरी होणार नाही तिनं वर्षानुवर्षं एक खोली अडवावी का? १९८० च्या दशकात पालिकेनं तिला दुसरीकडे हलवायचा दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा परिचारिकांनी विरोध केला आणि पालिकेला माघार घ्यावी लागली.

वर्गात मी मुलींचे दोन गट करते. एक पालिकेची बाजू मांडतो, दुसरा सिस्टरची. पालिकेच्या बाजूनं बोलणाऱ्या मुली सहसा चांगलं बोलतात. जमिनीवरच्या बाईचं काय? तिच्यावर करुणा नाही का? खाटांचा हिशेब करणारा माणूस निर्दय असतोच असं नाही. इनचार्ज म्हणून मीसुद्धा रोज हाच हिशेब करत होते. कोणाला आज घरी पाठवता येईल, कोणाला बाहेरच्या व्हरांड्यात घेता येईल.

तरीही मी परिचारिकांच्या बाजूची आहे. अरुणा कामावर असताना, कामाच्या जागी मोडली. ज्या संस्थेत ती मोडली त्या संस्थेनं तिला ‘इथे जागा नाही’ म्हणायचं, हे प्रत्येक काम करणाऱ्या बाईला दिलेलं उत्तर झालं असतं: तू चालतेस-फिरतेस तोवर आमची. सिस्टर अडून बसल्या त्या अरुणासाठी आणि स्वतःसाठीही. त्यांच्या पाठीवरचं ओझंही त्यामुळे वाढलं, कारण खोली सोडली असती तर काम कमीच होणार होतं.

माझ्या एका विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न यापेक्षा कठीण होता. ‘मॅडम, ती नर्स नसती तर?’ समजा तिच्या जागी जमिनीवर झोपणारी, कुणीच नसलेली बाई असती. तिला ४१ वर्षं मिळाली असती का?

नसती मिळाली, असंच मला वाटतं. ‘आपल्यातली’ या शब्दात ताकद आहे तशी कुंपणाची रेघही आहे. वॉर्ड नंबर चारनं ती रेघ घट्ट धरली म्हणून अरुणा जगली. रेघेबाहेरच्यांना आत घेणं हे पुढचं काम, ते प्रत्येक इनचार्जला रोज नव्यानं करावं लागतं. आमच्या मावशींनी एका माणसापुरतं केलं.

याचिका

२००९ मध्ये पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी अरुणाची हितचिंतक या नात्यानं सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मागणी होती, तिला भरवणं थांबवावं, तिला शांतपणे जाऊ द्यावं. याचिकेतलं वर्णन वाचवत नाही. हाडं इतकी ठिसूळ की हात वेडावाकडा अडकला तर मोडेल, कातडी हाडांवर ताणलेली, मनगटं आत वळलेली, दात किडलेले. रुग्णालयाचं उत्तर याच्या उलट. ती खाते, चेहऱ्यावर भाव येतात, आवाजानं भूक सांगते.

माणूस एक, चित्रं दोन. न्यायालयानं जानेवारी २०११ मध्ये तीन डॉक्टरांची समिती नेमली: टाटा रुग्णालयाचे डॉ. दिवटिया, हिंदुजाचे डॉ. गुरसहानी आणि शीव रुग्णालयाचे डॉ. शहा. तिघांनी तिला तपासलं. मेंदूच्या कायमच्या अचेत अवस्थेचे बहुतेक निकष तिला लागू पडतात, असं त्यांनी सांगितलं. ७ मार्च २०११ ला न्यायमूर्ती मार्कंडेय काटजू आणि न्यायमूर्ती ज्ञानसुधा मिश्रा यांनी निकाल दिला. ठरावीक प्रक्रियेतून, उच्च न्यायालयाच्या परवानगीनं जीवनाधार काढून घेण्याची वाट त्यांनी देशात पहिल्यांदा मोकळी केली. मात्र अरुणासाठी ती नाकारली.

नाकारण्यामागचं कारण या प्रकरणाचा गाभा आहे. तिच्या वतीनं बोलण्याचा हक्क कोणाचा? न्यायालयानं म्हटलं, केईएमच्या कर्मचाऱ्यांचा. इतकी वर्षं रात्रंदिवस तिची काळजी त्यांनी वाहिली आहे, तिनं जगावं असं ते म्हणतात, तेव्हा शब्द त्यांचा. पुढे कधी त्यांचंच मत बदललं तर त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात जावं. समर्पण म्हणजे काय ते देशानं केईएमच्या कर्मचाऱ्यांकडून शिकावं, असंही निकालात आहे.

परिचारिकेचं म्हणणं कोर्टात इतक्या वरच्या जागी जाऊन बसलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. आमचं निरीक्षण सहसा केस पेपरवर एका ओळीत संपतं. ‘पेशंट शांत झोपला.’ डॉक्टरांच्या राउंडला इनचार्ज शेजारी उभी असते, फाइल धरून, विचारलं तर बोलते. इथे रोजची ओव्हर देणाऱ्यांचं ज्ञान एका माणसाच्या जगण्याचा निर्णय करताना मोजलं गेलं. एका निवृत्त सिस्टरनं तर पगार नको, येण्या-जाण्याचं भाडंही नको, मी येऊन तिचं करत जाईन, अशी तयारी दाखवली होती. निकालानंतर केईएममध्ये सिस्टरनी पेढे वाटले.

त्या पेढ्यांनी मला तेव्हा आनंद झाला होता. नंतरच्या वर्षांत त्या आनंदात थोडी बेचैनी मिसळली, ती लपवत नाही.

विराणींची करुणाही खरी होती. त्यांना दिसत होती ती पंचविसाव्या वर्षी मुंबईत उभी राहिलेली, लग्न ठरलेली, कामचुकार माणसाला खडसावणारी मुलगी. ती अरुणा या खोलीत राहायला तयार झाली असती का? सिस्टरना दिसत होती ती आजची अरुणा, जी मासे खाताना हसते. एक बाजू आठवणीतून बोलत होती, दुसरी हातातून. दोघींपैकी एकीलाही अरुणाचं उत्तर मिळणार नव्हतं. काळजी घेणाऱ्याच्या बाजूचा एक धोका मी स्वतः भोगलाय. ज्याचं आपण वर्षानुवर्षं केलं त्याला जाऊ देणं म्हणजे आपण केलेलं सगळं फुकट, असं हातांना वाटू लागतं. मग पेशंटसाठी धरून ठेवलंय की आपल्यासाठी, हे ओळखणं अवघड होतं. केईएमच्या सिस्टरचं तसं झालं असं मी म्हणत नाही, मी त्या खोलीत नव्हते. पण इनचार्जनं स्टाफला बसवून हा प्रश्न मोठ्यानं विचारायची जागा वॉर्डात असायला हवी. माझ्या वॉर्डात ती नव्हती. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटच्या खाटेशी आम्ही काय करतोय हे आम्ही एकमेकींना कधी विचारलं नाही. फीड लावलं, सही केली, पुढची खाट.

९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क मान्य केला. शुद्धीत असताना माणसाला आपली इच्छा आधीच लिहून ठेवता येईल, असंही सांगितलं. अरुणाच्या निकालातल्या काही तर्कांशी ते पीठ सहमत नव्हतं. तोवर अरुणा नव्हती. पण आज वॉर्डात असा कागद घेऊन पेशंट येऊ शकतो, आणि त्याची ओव्हर द्यावी लागते. ‘यांना व्हेंटिलेटर नको आहे, कागद फाइलमध्ये पुढे लावलाय.’ तेवढं शांतपणे सांगायला जमणं हासुद्धा काळजीचाच भाग आहे.

भोईवाडा

२०१५ च्या मेमध्ये तिला न्यूमोनिया झाला. अतिदक्षता विभागात हलवलं, व्हेंटिलेटरवर ठेवलं. १८ मेच्या सकाळी ती गेली. सदुसष्टावा वाढदिवस दोन आठवड्यांवर होता.

अंत्यसंस्कारावरून थोडा वाद झाला. इतकी वर्षं तिची विचारपूस न केलेल्यांनी आता पुढे का यावं, असा परिचारिकांचा प्रश्न होता. मला त्यांचा राग समजतो. नातेवाइकांचंही समजतं. बेताच्या परिस्थितीतलं घर, अशा पेशंटला कुठे ठेवणार? लग्न ठरलेला तो डॉक्टर काही वर्षं तिला बघायला येत राहिला होता, मग त्याचंही येणं थांबलं. त्याला दोष देणं मला जमत नाही. शेवटी मध्यम मार्ग निघाला. भोईवाड्याच्या स्मशानात रुग्णालयाचे डीन डॉ. अविनाश सुपे आणि एक नातेवाईक, दोघांनी मिळून अग्नी दिला. सिस्टर मोठ्या संख्येनं आल्या होत्या.

त्यांचं पुढे काय झालं असेल याचा मी पुष्कळदा विचार करते. वीस-पंचवीस वर्षं ज्या खोलीत दिवसातून चार वेळा जायचं ती खोली एका सकाळी रिकामी. पेशंट गेला की आम्ही खाट पुसतो, गादी उन्हात टाकतो, नवीन चादर घालतो. ओव्हर घ्यायला आलेलीला सांगतो, ती खाट रिकामी आहे. बाकी बोलायची पद्धत नाही. स्टाफला रडायला पाच मिनिटं देणारी इनचार्ज माझ्या तरुणपणी मला एकच भेटली. तिनं मला बाथरूममध्ये पाठवलं, माझं इंजेक्शनचं काम स्वतः केलं आणि परत आल्यावर एक अवाक्षर विचारलं नाही. पुढे इनचार्ज झाल्यावर मी तेवढं एक तिच्याकडून उचललं.

दुसरी मागणी

१९७३ च्या संपातली ती दुसरी मागणी. आम्हाला सुरक्षित काम करता यावं.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबत न्यायालयाची मार्गदर्शक तत्त्वं यायला १९९७ उजाडलं, कायदा २०१३ मध्ये झाला. महाराष्ट्रानं वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्धचा कायदा २०१० मध्ये केला. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टर मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. सर्वोच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली, आणि त्या वेळी अरुणा शानभागचं नाव पुन्हा उच्चारलं गेलं. पन्नास वर्षांनी.

वॉर्ड नंबर चारनं आपल्यातल्या एकीवर झालेल्या घावाला कधी सडू दिलं नाही. पण घाव होऊ नये म्हणून लागणारी व्यवस्था वॉर्डाच्या हातात नव्हती. ती मेट्रनच्या, अधीक्षकांच्या, पालिकेच्या, सरकारच्या हातात होती. जखमेची काळजी स्वस्त पडते, कारण ती सिस्टरच्या अंगमेहनतीवर चालते. दिवे, कुलपं, पुरेसा स्टाफ, रात्रीचा पहारा, तक्रार करणाऱ्या मुलीच्या पाठीशी उभा राहणारा अधिकारी, यांना पैसे आणि हिंमत लागते. परिचारिकांच्या समर्पणाची भाषणं दरवर्षी १२ मेला, परिचारिका दिनी, होतात. त्या भाषणांत स्टाफच्या चेंजिंग रूमचा उल्लेख मी अजून ऐकलेला नाही.

माझ्या नोकरीच्या पहिल्या रुग्णालयात आम्ही स्टोअरमध्ये कपडे बदलायचो. सलाईनच्या खोक्यांच्या आड, एकीनं दाराबाहेर उभं राहायचं, मग दुसरीनं. इनचार्जला ते माहीत होतं. तीही तिथेच बदलायची. मी इनचार्ज झाले तेव्हा वर्षभर मला ते दिसलंच नाही, कारण मी तोवर घरूनच युनिफॉर्म घालून यायला लागले होते. एका विद्यार्थिनीनं तक्रार केली तेव्हा उठून बघायला गेले. पुढे खोली मिळाली, सहा अर्ज आणि चौदा महिने लागले.

आता नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी मुलींना वॉर्ड दाखवायला नेते. पेशंटपर्यंत पोचायच्या आधी आम्ही त्या खोलीपाशी थांबतो. प्रत्येकीला आत जायला लावते, दार लावून घ्यायला सांगते आणि कडी आतून नीट बसते का ते तिच्याच हातानं तपासून घेते.